पुढची हिरडी हलते तेव्हा: पूर्ण कवळीच्या मापाचं एक प्रकरण

रुग्ण बाई, वय ६९. वरच्या जबड्यात वीसेक वर्षांपासून पूर्ण कवळी. खालचे पुढचे सहा दात मात्र त्यानंतरही बरीच वर्षं टिकले होते. ते हलायला लागले म्हणून चार वर्षांपूर्वी काढले आणि खालीही पूर्ण कवळी आली. या चार वर्षांत कवळ्यांचे दोन जोड झाले आणि दोन्ही वेळा तक्रार तीच राहिली. बोलताना वरची कवळी पुढून सुटल्यासारखी वाटते, पुढच्या दातांनी काही तोडायला गेलं की मागून खाली येते. खालची तर तोंड उघडताच जिभेबरोबर वर उचलली जाते. शिवाय डाव्या बाजूने चावलं की खालच्या ओठापर्यंत कळ जाते. ‘या वेळी दात तेवढे नीट बसवा, डॉक्टर,’ एवढंच त्यांचं मागणं.

दातांची मांडणी, उंची, चाव, रंग या सगळ्यात नाव ठेवण्यासारखं फारसं काही नव्हतं. बिघाड त्याच्या आधीच, माप घेण्याच्या टप्प्यावर झाला होता. पूर्ण कवळी बसत नाही तेव्हा आपण आधी दातांकडे आणि मग लॅबकडे बोट दाखवतो. पण दंततंत्रज्ञाच्या हातात जो साचा पडतो, तो आपणच दिलेला असतो. म्हणून या प्रकरणात मापाबद्दल सविस्तर लिहितो आहे आणि पुढच्या टप्प्यांवरून भराभर जाणार आहे.

तपासणीत काय आढळलं

दात गेल्यावर उरणाऱ्या हिरडीच्या उंचवट्याला दंतवैद्य ‘रिज’ म्हणतात. वरची रिज मागे दोन्ही बाजूंना घट्ट, रुंद, चांगली होती. पुढे मात्र एका सुळ्याच्या जागेपासून दुसऱ्या सुळ्याच्या जागेपर्यंत बोटाखाली नुसतं मऊ मांस लागत होतं. आरशाच्या दांडीने हलकेच ढकललं की ते चार-पाच मिलिमीटर सरकायचं आणि सोडलं की परत यायचं. त्या मांसाखालचं हाड झिजून गेलेलं, त्याची जागा तंतुमय पेशीजालाने घेतलेली. यालाच फ्लॅबी रिज म्हणतात. मागचे दोन्ही गोलसर उंचवटे, म्हणजे ट्युबरॉसिटी, वाढून खाली आले होते. कवळीखालची टाळू लालबुंद होती आणि लाली नेमकी कवळीच्या काठापर्यंत येऊन थांबत होती. विचारल्यावर कळलं की त्या रात्रीही कवळी काढत नाहीत. मधुमेह आहे, पण नियंत्रणात.

हे चित्र ओळखीचं आहे. एल्सवर्थ केली यांनी १९७२ मध्ये ते ‘कॉम्बिनेशन सिंड्रोम’ या नावाने मांडलं. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात, अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली की खालचे दात वरच्या कवळीचा पुढचा भाग सतत हाडात दाबत राहतात. पुढचं हाड झिजतं, मांस सैल होतं, मागच्या ट्युबरॉसिटी वाढतात. खालचे दात आता नसले तरी त्यांनी वर केलेलं नुकसान राहतंच.

खालच्या जबड्याची अवस्था त्याहून कठीण होती. रिज जवळजवळ सपाट, पुढच्या भागात सुरीच्या धारेसारखी अरुंद आणि तिच्यावर दोरीसारखी हलणारी मांसाची पातळ वळी. डावीकडे उपदाढांच्या जागी बोट टेकवताच काकूंनी मान मागे घेतली. एक्स-रेमध्ये कारण दिसलं. हाड इतकं झिजलं होतं की ज्या छिद्रातून मज्जातंतू बाहेर पडून ओठाकडे जातो, ते मेंटल फोरामेन रिजच्या माथ्याशी आलं होतं. कवळी दर घासाला त्या मज्जातंतूवर टेकत होती.

खालच्या कवळीच्या तक्रारी वरच्यापेक्षा नेहमी जास्त का, याची दोन साधी कारणं आहेत. एक, आधाराचं क्षेत्रफळ. वर टाळू धरून साधारण २३ चौरस सेंटिमीटर मिळतात, खाली जेमतेम १२. दुसरं, झीज. ॲन्टे टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवलं की पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होते. आधीच अर्धी जागा आणि तीही चौपट वेगाने कमी होणारी. अशा जबड्याच्या मापात एकेक मिलिमीटर मोलाचा असतो.

जुन्या कवळ्या तपासल्या. वरची कवळी मागे व्हायब्रेटिंग लाइनच्या, म्हणजे ‘आऽऽ’ म्हणताना टाळू जिथे थरथरते त्या रेषेच्या, बरीच अलीकडे संपत होती. खालची उलट्याच ठिकाणी आखूड आणि लांब होती. जिथे आधार मिळतो त्या रिजच्या मागच्या टोकाच्या गादीपर्यंत, म्हणजे रेट्रोमोलर पॅडपर्यंत, ती पोहोचलीच नव्हती आणि पुढे ओठाच्या बाजूला, जिथे स्नायू तिला उचलणार, तिथे जास्त खोल गेली होती. आतल्या बाजूला दाब दाखवणारी पेस्ट लावून कवळी बसवली, तर वरच्या पुढच्या भागातली पेस्ट पूर्ण पुसली गेली. म्हणजे सगळ्यात मऊ जागेवर सगळ्यात जास्त दाब.

दाबून घेतलेल्या मापाचं काय होतं

घट्ट मटेरियल भरलेला ट्रे दाबून माप घेतलं की सैल मांस वाकतं, सरकतं आणि त्याच दबलेल्या आकारात नोंदलं जातं. त्या मापात ओतलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर, म्हणजे कास्टवर, तिथे केलेली कवळी अगदी चपखल बसते. तोंडातही पहिल्या क्षणी बसते. पण मांस आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहतं आणि कवळीला खाली ढकलतं. काठाची हवाबंद पकड सुटते. चावताना मागून दाब आला की कवळी पुन्हा वर बसते, दाब गेला की पुन्हा ढिली. पुढच्या दातांनी तोडताना पुढे टेकायला हाडच नसतं, त्यामुळे कवळी पुढून वर घुसते आणि मागून निसटते. काकूंची तक्रार शब्दशः हीच होती.

मापाच्या पद्धतींवरचा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीन बंधूंनी कंपाउंड (गरम केल्यावर मऊ होणारं जड मटेरियल) वापरून दाबाखाली माप घ्यायची पद्धत रुजवली. तर्क असा की चावताना मांस जसं दबतं तसंच ते नोंदवावं. पुढे हॅरी पेज यांनी नेमकी उलटी बाजू घेतली: मांस अजिबात न दाबता, विश्रांतीच्या स्थितीत नोंदवा. पहिल्या मतात अडचण ही की माणूस दिवसातला फार थोडा वेळ चावत असतो आणि उरलेला सगळा वेळ दबलेलं मांस कवळीशी भांडत राहतं. दुसऱ्यात अडचण ही की कुठे भार द्यायचा याचा विचारच उरत नाही. आज बहुतेक ठिकाणी शिकवली जाते ती बाउचर यांच्या नावाशी जोडलेली मधली वाट, निवडक दाबाची. जे हाड भार सोसू शकतं तिथे दाब द्या, जे सोसू शकत नाही तिथे मोकळीक ठेवा.

या रुग्णात ती वाट चांगली तर होतीच, पण तीच एकमेव होती. वर मागची रिज आणि टाळूचा आडवा भाग भार घेणार, पुढचं मांस जसं आहे तसं, न हलवता नोंदवायचं. खाली गालाच्या बाजूचा हाडाचा सपाट कट्टा, म्हणजे बक्कल शेल्फ, आणि रेट्रोमोलर पॅड भार घेणार. पुढची धारदार रिज आणि मेंटल फोरामेन यांना सूट.

शस्त्रक्रियेचे पर्यायही काकूंसमोर ठेवले. सैल मांस कापून काढता येतं, पण त्याबरोबर ओठाच्या आतली खोलीही बरेचदा कमी होते आणि उरलेला उंचवटाही जातो. खाली दोन इम्प्लांट लावून त्यांच्यावर कवळी अडकवणं हा उत्तम पर्याय आहे. मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी मांडलेल्या २००२ च्या सहमतीपत्रात खालच्या बिनदाती जबड्यासाठी तोच पहिला पर्याय मानला आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, घरच्यांशी बोलल्या आणि शस्त्रक्रिया नको असं ठामपणे सांगितलं. त्यांचा निर्णय पुरेसा होता.

मापाआधीची विश्रांती

लाल, सुजलेल्या टाळूचं माप म्हणजे सुजेचं माप. सूज उतरली की कवळी ढिली. त्यामुळे ट्रे हातात घ्यायच्या आधी मांस बरं करणं भाग होतं. रात्री कवळी काढून ठेवायची, मऊ ब्रशने ती आणि टाळू दोन्ही साफ करायची, सोबत बुरशीविरोधी औषध. जुन्या कवळ्यांचे लांब काठ कापले, दाबाच्या जागा आतून कोरल्या आणि दोन्हींत टिश्यू कंडिशनर भरला. हा मऊ थर काही दिवसांत कडक होऊ लागतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. लाली पूर्ण गेली, टाळू फिकट गुलाबी झाली, तेव्हाच मापाची तारीख दिली. आदल्या दिवसापासून कवळी घालायची नाही, असंही सांगितलं. वयस्कर माणसाचं दबलेलं मांस मूळ जागी यायला तरुणापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं. खुर्चीत बसल्यावर कवळी काढून लगेच माप घेतलं, तर ते जुन्या कवळीच्या ठशाचं माप ठरतं.

हा टप्पा गाळायचा मोह रुग्णालाही असतो आणि दवाखान्यालाही. माझं मत इथे पक्कं आहे: टाळू लाल असताना अंतिम माप घेऊच नये, रुग्ण कितीही घाईत असला तरी.

प्राथमिक माप

वर आल्जिनेट हे मऊ मटेरियल घेतलं, कारण कंपाउंडच्या जडपणाने पुढचं मांस तिथेच वाकलं असतं. त्याआधी न पुसली जाणारी पेन्सिल घेऊन सैल भागाची हद्द थेट हिरडीवर आखली. ती रेघ आल्जिनेटवर उतरते आणि तिथून कास्टवर. अंतिम मापाच्या ट्रेला सैल भागावर खिडकी ठेवायची होती; ती कुठे कापायची हे मग अंदाजाने ठरवावं लागत नाही. खाली मात्र कंपाउंड वापरलं. सपाट रिजवर गाल आणि जिभेखालचं मांस आत घुसतं. ते बाजूला सारून रेट्रोमोलर पॅड आणि जिभेच्या बाजूची मागची खोली मिळवायला थोडा जडपणाच हवा.

वरचं अंतिम माप: खिडकीचा ट्रे

कास्टवर स्वयंघट्ट ॲक्रिलिकचा स्पेशल ट्रे, म्हणजे याच तोंडाच्या मापाचा ट्रे, केला, काठ खोलीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड. सैल भागावर खिडकी कापली, पण ओठाच्या बाजूचा काठ पट्टीसारखा शाबूत ठेवला, कारण त्या काठाचा आकारही नोंदवायचा होता. मूठ नेहमीसारखी पुढे न लावता टाळूच्या मधोमध लावली. पुढे लावली असती तर खिडकीत हातच गेला नसता.

बॉर्डर मोल्डिंग, म्हणजे गाल-ओठांच्या हालचालींनी ट्रेच्या काठांना आकार देणं, ग्रीन स्टिकने (कंपाउंडच्या काडीने) तुकड्यातुकड्याने केलं. आचेवर मऊ केलेली काडी काठावर लावायची, कोमट पाण्यात बुडवून तिचा चटका घालवायचा आणि मगच तोंडात. ‘काकू, गाल आत ओढा. आता ओठ पुढे करा, चंबूसारखे. आता जबडा डावीकडे, उजवीकडे.’ जबडा आडवा हलवणं बरेच जण विसरतात. खालच्या जबड्याचा कोरोनॉइड भाग ट्युबरॉसिटीच्या बाहेरून पुढे सरकतो आणि तिथला काठ जाड राहिला तर तोंड मोठं उघडताच कवळी ढकलली जाते. सगळ्यात शेवटी मागची कड. ‘आऽऽ’ म्हणायला लावून टाळू जिथे थरथरते ती रेषा पाहिली, मग नाक चिमटीत धरून नाकातून हलकेच श्वास सोडायला सांगून तीच रेषा पडताळली आणि पेन्सिलीने आखली. दोन्ही बाजूंना ती ट्युबरॉसिटीच्या मागच्या खाचेतून, म्हणजे हॅम्युलर नॉचमधून, जायला हवी. जुनी कवळी इथेच आखूड होती.

बॉर्डर मोल्डिंग संपल्यावर ट्रे ओढून पाहिला. खिडकी उघडी असल्याने पूर्ण हवाबंद पकड मिळणार नाही हे धरूनच चालायचं. ट्रे मागे स्थिर राहतो की नाही, एवढं तपासायचं.

आता मटेरियल. झिंक ऑक्साइड युजिनॉलची पेस्ट ट्रेमध्ये आणि खिडकीत इम्प्रेशन प्लास्टर, ही जुनी आणि भरवशाची जोडी आहे. प्लास्टर पातळ असतं, मांसाला जराही ढकलत नाही. पण ते ठिसूळ आहे आणि कास्ट ओतण्याआधी त्यावर सेपरेटिंग मिडियम (दोन्ही चिकटू न देणारा लेप) लावायला विसरलो तर माप आणि कास्ट एकजीव होतात. इथे मी ॲडिशन सिलिकॉन निवडलं: ट्रेमध्ये मध्यम घट्ट (मीडियम बॉडी), खिडकीत पातळ (लाइट बॉडी). दोन्ही एकाच जातीचे असल्याने एकमेकांना धरून राहतात. झिंक ऑक्साइडवर सिलिकॉन तसं धरत नाही, म्हणून ती सरमिसळ टाळावी. हातमोजे नायट्राइलचे घातले. लॅटेक्समधल्या गंधकाच्या संयुगांमुळे हे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही आणि हे कळतं ते माप बाहेर काढल्यावर, पृष्ठभाग चिकट लागला की.

मीडियम बॉडीचं माप घट्ट झाल्यावर ते बाहेर काढलं, खिडकीत आलेलं जास्तीचं मटेरियल धारदार पात्याने कापून कडा स्वच्छ केल्या आणि ट्रे परत जागेवर बसवला. या क्षणी खिडकीतून सैल मांस उघडं दिसतं आणि त्याच्या रंगाकडे बघावं. ते पांढुरकं पडलं असेल तर ट्रेची कड कुठेतरी दाबते आहे. इथे ते गुलाबी होतं. सहायिकेने ओठ अलगद वर धरला, ताणला नाही. मी सिरिंजने लाइट बॉडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओतत नेलं. बोट लावलं नाही, हवेचा फुंकाराही नाही. बंद ट्रेमध्ये मटेरियल कितीही पातळ असलं तरी त्याला बाहेर पडायला वाट अरुंद असते, त्यामुळे आत दाब साठतो. ट्रेखाली जागा सोडणारा मेणाचा थर (स्पेसर) आणि ट्रेतली भोकं तो कमी करतात. खिडकी तो जवळजवळ संपवते, कारण तिथे वर झाकणच नसतं.

खालचं अंतिम माप: दुखणं शोधणारा ट्रे

खालच्या झिजलेल्या रिजसाठी मॅककॉर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी मिश्रणाची पद्धत घेतली. इम्प्रेशन कंपाउंड तीन भाग आणि ग्रीन स्टिक सात भाग, वजनाने. गरम पाण्यात दोन्ही मऊ करून एकत्र मळायचं आणि ट्रेमध्ये भरायचं. मिश्रण एकट्या ग्रीन स्टिकपेक्षा जास्त वेळ मऊ राहतं, त्यामुळे सगळे काठ एकाच वेळी आणि सावकाश घडवता येतात. शिवाय रिजवर घुसलेली मांसाची घडी बाजूला सारायला लागणारा अंगचा जडपणा त्यात असतो.

ट्रेची मूठ इथेही पुढे उभी नव्हती. उपदाढांच्या जागी दोन बुटके टेकू ठेवले, म्हणजे ओठ आणि जीभ दोन्ही मोकळे. खुर्ची सरळ, तोंड अर्धंच उघडं. मोठं उघडलं की गालाचे स्नायू ताणून काठ आखूड करतात. ‘जीभ बाहेर काढा, वरच्या ओठाला लावा. आता डाव्या गालाला, आता उजव्या. आता गिळा.’ जिभेच्या बाजूचा काठ मायलोहायॉइड उंचवट्याच्या (जबड्याच्या आतल्या बाजूच्या, जिभेखालचा स्नायू जिथे जोडलेला असतो त्या कडेच्या) खाली उतरून जिभेकडे थोडा झुकला पाहिजे, तरच स्नायूला वर यायला जागा मिळते आणि काठ त्याच्या आड येत नाही. तो उंचवट्यावरच थांबला तर टोचतो, सरळ खाली गेला तर गिळताना कवळी उचलली जाते.

या पद्धतीची खरी ताकद पुढच्या पायरीत आहे. मिश्रण घट्ट झाल्यावर ट्रे तोंडात ठेवून, दोन्ही टेकूंवर बोटांनी चावल्याइतका दाब दिला आणि विचारलं, ‘कुठे दुखतंय?’ काकूंनी लगेच डावीकडे बोट दाखवलं. ट्रे बाहेर काढून फोरामेनच्या जागेवरचं मिश्रण आचेने मऊ केलं, कोमट पाण्यात बुडवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा दाब दिला. दुखणं कमी झालं. आता पुढच्या धारेवर किंचित. तिथेही तेच. काहीच दुखत नाही असं त्या म्हणाल्या तेव्हा बोटाखालचा ट्रे स्थिर होता आणि दाब पूर्णपणे बक्कल शेल्फवर होता. कवळी घरी गेल्यावर जे दुखणं सापडलं असतं, ते इथे मापाच्या खुर्चीतच सापडलं. रुग्णाच्या उत्तराला मापाच्या साधनाइतकंच महत्त्व देणारी पद्धत म्हणून मला ती फार मोलाची वाटते. घाईने विचारलं तर मात्र तिचा उपयोग नाही. वयस्कर रुग्ण डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून पुष्कळदा ‘ठीक आहे’ म्हणतात. म्हणून त्याच जागेवर थोडं थांबून पुन्हा दाब द्यायचा आणि चेहऱ्याकडे पाहायचं.

शेवटची परीक्षा: अर्ध्या उघड्या तोंडात ट्रे सोडून दिला. तो जागेवर राहिला. जिभेचं टोक ओठापर्यंत आणलं, तरी राहिला.

पुढचं काम

दोन्ही मापं वाहत्या पाण्याखाली धुऊन, निर्जंतुक करून, काठांना मेणाची पट्टी लावून मगच कास्ट ओतली. असं केलं नाही तर मेहनतीने घडवलेल्या काठांची जाडी लॅबमध्ये घासली जाते. वरच्या कास्टवर मागच्या रेषेशी मधोमध अर्धा आणि बाजूंना एक ते दीड मिलिमीटर खोल खरवडलं. खालच्या कास्टवर फोरामेनच्या जागी पातळ फॉइल चिकटवलं. दात मांडताना एकच आग्रह धरला: जबडे मिटल्यावर पुढचे दात एकमेकांना लागता कामा नयेत. सैल मांस पुन्हा त्याच माराखाली आलं तर इतकं जपून घेतलेलं माप वाया.

कवळी दिल्यावर वरची पहिल्या दिवसापासून बोलताना स्थिर राहिली. खाली डाव्या काठाशी एकदा किरकोळ घासावं लागलं. ओठाकडे जाणारी कळ परत आली नाही. काही महिन्यांनी पाहिलं तेव्हा टाळू निरोगी होती, कवळी रात्री पाण्यात ठेवली जात होती. खालची कवळी वरच्याइतकी घट्ट नाही आणि ती तशी होणारही नाही. काकू दोन्ही बाजूंनी लहान घास घेऊन चावतात, पुढच्या दातांनी तोडत नाहीत. हे त्यांना कवळी देण्याआधीच स्पष्ट सांगितलं होतं.

हाड पुढेही झिजत राहील आणि कधीतरी रिलाइन, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर भरणं, करावं लागेल. तेव्हा काम दुसऱ्याच कोणाच्या हाती असू शकतं. वरच्या कवळीत नवं मटेरियल भरून नेहमीसारखं तोंड मिटवून माप घेतलं, तर पुढचं मांस पुन्हा दबेल आणि चार वर्षांची तक्रार परत येईल. म्हणून त्यांच्या केसपेपरवर लाल शाईने नोंद केली आहे आणि त्याची प्रत त्यांनाही दिली आहे: ‘वर पुढे फ्लॅबी रिज. रिलाइन करताना कवळीचा पुढचा भाग आतून कोरून भोकं पाडावीत किंवा खिडकी उघडावी, मगच माप घ्यावं.’